हाताखालून गेलेला जोडा

बाबा कोटाची एक बाही चढवून दारात उभे होते. दुसरी बाही पाठीमागे तशीच लोंबत होती आणि तिच्यात हात घालायचंही भान त्यांना उरलं नव्हतं. त्यांना लेकीच्या ऑफिसात जायचं होतं... आत्ताच्या आत्ता! अकराव्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात ते उभ्या जन्मात एकदाच गेले होते, आणि तेव्हाही काचेचं दार बंद आहे हे न कळून त्यावर कपाळ आपटून आले होते. तरी आज तिथे जाऊन ते लेकीच्या साहेबापुढे गयावया करणार होते. पोरीचं डोकं फिरलंय, चार दिवसांत ताळ्यावर येईल, तोवर तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नका... काय काय बोलायचं ते त्यांनी सकाळी दाढी करतानाच पाठ करून ठेवलं होतं.

लेक मेजापाशी बसली होती. समोरचा चहा निवून गेला होता. काल संध्याकाळी तिने घरात जाहीर केलं होतं, की तिने नोकरी सोडली आणि उद्यापासून ती बाबांच्या दुकानात कामाला बसणार. का, तर कंटाळा आला. सतरा वर्षं ज्या नोकरीत ती पायरी पायरीने वर चढली, जिच्या भरवशावर तिने स्वतःसाठी दोन खोल्यांचं उजेडाचं घर बघून ठेवलं होतं, तिचा असा अचानक कंटाळा आला यावर तिच्या आईचाही विश्वास बसला नव्हता, मग बाबांचा कुठून बसणार?

आणि बाबा खरंच ऑफिसात पोचले तर... तर साहेब त्यांना खुर्ची देईल, पाणी देईल आणि सांगेल, की आम्ही तर तिला दोन आठवडे समजावत होतो, तीच ऐकायला तयार नव्हती. मग बाबा परत येतील आणि खरं कारण विचारतील. एकदा त्यांनी एखादा प्रश्न धरला, की त्याचा छडा लावल्याखेरीज ते सोडत नसत, हे ती ओळखून होती. आणि खरं कारण जगात दुसऱ्या कुणालाही कळलं तरी चाललं असतं, फक्त त्यांना कळून चालणार नव्हतं.

“बाबा, जाऊ नका,” ती म्हणाली. “मी नोकरी सोडली नाही. त्यांनी मला काढलं.”

बाबा वळले. “का?”

“माझ्या हातून कामात घोळ झाला. मोठा.”

किती सहज बोलून गेली ती हे खोटं! सतरा वर्षांत जिने कागदावरची एक ओळ चुकू दिली नव्हती, तिने आपल्याच नावाला असा डाग लावून घेतला आणि वर मान खाली घालून बसली, म्हणजे खोट्यात काही उणं राहू नये. बाबांनी चढवलेली बाही उतरवली. कोट खुंटीवर अडकवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मग पाठमोरेच उभे राहून ते म्हणाले,

“मी जन्मभर लोकांच्या पायाशी बसलो, ते तू खुर्चीत बसावंस म्हणून.”

एवढं बोलून ते जिना उतरून दुकानात गेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मायलेकी एकमेकींकडे न बघता चहाचे कप उचलू लागल्या.

दुकान म्हणजे घराच्या खालचीच लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीपाशी तयार जोडे ठेवायची फळी, मधे बाबांची बैठक, आणि मागे पडदा लावून केलेली छोटीशी खोली. बाबा जोडे करत, पण बाजारात मिळतात तसले नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांची पावलं वाकडी, ज्यांची बोटं एकमेकांवर चढलेली, आजारपणाने ज्यांच्या तळव्यांची जाणीवच गेलेली, अशांचे जोडे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलाचा लाकडी साचा भिंतीवर टांगलेला असे आणि बाबा त्या साच्यांना गिऱ्हाइकांच्या नावाने हाका मारत, एखादा साचा खाली पडला, तर “लागलं का हो?” अशी चौकशीही करत.

या दुकानाचा एकच नियम होता. जोडा शिवून, ठोकून साच्यावरून उतरवला, की बाबा डोळे मिटून त्यात हात घालत आणि बोटांची टोकं टाचेपासून अंगठ्यापर्यंत सावकाश फिरवत. शिवणीची गाठ, अस्तराची सुरकुती, तळातून वर डोकावणारं खिळ्याचं टोक... बोटाला काहीही लागलं, की जोडा परत कामावर. काहीच लागलं नाही, की जोडा पास. “माझ्या हाताखालून गेलेला जोडा आहे,” असं ते गिऱ्हाइकाला सांगत, तेव्हा त्या साध्या वाक्यात केवढा अभिमान भरलेला असे! चाळीस वर्षांत या परीक्षेत कधी कसूर झाली नव्हती. त्यामुळे परीक्षा घेणाऱ्याची कधी परीक्षा घ्यावी, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे तिचे शाळेतले भूगोलाचे मास्तर, आणि बाबांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. नोकरी सोडण्याच्या दोन महिने आधी, एका रविवारी, बाबा चामडं आणायला बाहेर गेलेले असताना मास्तर काठी टेकत वर आले. बाबा घरी नाहीत हे त्यांनी आधी खिडकीतून बघून घेतलं होतं. त्यांच्या उजव्या पायाला जाडजूड पट्टी होती. त्यांनी पिशवीतून आपला जोडा काढून मेजावर ठेवला आणि तिला आत हात घालायला सांगितलं. बोटांच्या खाली, तळाच्या पुढच्या भागात खिळ्याचं टोक वर आलं होतं.

मास्तरांच्या पावलांची जाणीव सहा वर्षांपूर्वीच गेली होती. दिवसभर ते त्या टोकावरून चालले, शाळेच्या वाचनालयात जाऊन आले, बाजार करून आले, आणि संध्याकाळी मोजा ओला लागला तेव्हा त्यांना कळलं. जखम चिघळली. शेवटी दोन बोटं काढावी लागली. हे सगळं त्यांनी वर्गात नद्यांची लांबी सांगावी तसं सांगितलं.

“त्यांना सांगू नकोस, बाळ,” ते म्हणाले. “दोन बोटं गेली तरी मी चालतोय. त्यांचा हात गेला तर त्यांच्याजवळ काय उरतं? पण फळीवर आणखी जोडे असतील ना... तेवढं बघ.”

ते गेल्यावर ती खाली गेली. फळीवर पाच जोड होते, सगळे बाबांनी पास केलेले. तिने एकेकात हात घातला आणि पाचांतल्या तीन जोडांत तिच्या बोटाला टोक लागलं. त्या संध्याकाळी तिने बाबांना चहाचा पेला मुद्दाम इतका कढत दिला, की तिला स्वतःला तो फडक्याशिवाय उचलवत नव्हता. बाबांनी तो आरामात मुठीत धरला, ओठाला लावला आणि मग भाजलं म्हणून दचकले. बोटांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. आजाराने म्हणा, चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने म्हणा, त्यांची बोटं केव्हाच बधिर झाली होती. आणि त्या माणसाला ते कळणार तरी कसं? बोटाला काही लागलं नाही, की जोडा चांगला झाला, असंच तर ते चाळीस वर्षं समजत आले होते. आता कशातच काही लागत नव्हतं, म्हणजे हल्ली आपले जोडे पूर्वीपेक्षाही सुरेख होऊ लागलेत, अशी त्या भाबड्या जिवाची समजूत झाली होती. तसं ते दोन-तीनदा जेवताना बोललेही होते.

सुरुवातीला तिने ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर फळीवरचे जोडे तपासून पाहिले. पण दुपारी तयार झालेला जोडा दुपारीच गिऱ्हाईक घेऊन जाई. अकराव्या मजल्यावर थंडगार खोलीत बसून ती कागदांवर सह्या करी आणि प्रत्येक सहीबरोबर तिच्या काळजात चर्र होई, की या क्षणी कुणीतरी पायात जोडा घालत असेल... दीड महिना तिने तसा काढला. शेवटी एक दिवस तिने साहेबापुढे राजीनामा ठेवला आणि बघून ठेवलेल्या त्या दोन खोल्या दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितल्या.

दुकानात बसायला बाबांनी तिला परवानगी दिली, पण ती नाखुशीने, आणि कामही दिलं ते शेवटचं: पास झालेल्या जोड्यांना पॉलिश करायचं, नाड्या ओवायच्या, कागदात गुंडाळायचं. तिला हवं होतं ते नेमकं हेच. पडद्यामागच्या खोलीत ती आधी जोड्यात हात घाली. टोक लागलं तर कानशीने घासून काढी. शिवण वर आली असेल तर उसवून पुन्हा घाली. पहिले दोन महिने तिला नुसतं उसवता येत होतं. बाबांचे टाके उसवता उसवता ते कसे घातलेत ते तिला कळत गेलं, आणि पाचव्या महिन्यापर्यंत तिचा टाका बाबांच्या टाक्याशेजारी ओळखू येईना. बोटांना टाके घालायच्या आरीची टोकं बसली, नखांत मेण आणि काळा रंग कायमचा भरला. लिहायला सवकलेली ती नाजूक बोटं चामड्याला सरावली, तसं तिला स्वतःलाच नवल वाटू लागलं, की दुपारचे चार कधी वाजले ते हल्ली कळत कसं नाही!

पण बाबांना पडद्याआडचं काय दिसणार? त्यांना एवढंच दिसे, की नाड्या ओवायला या बाईला दोन-दोन तास लागतात. त्यांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. गिऱ्हाईक थांबलं असलं, की ते पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणत, “थांबा हो, आमची गोगलगाय निघालीय, पोचेल सावकाश.” गिऱ्हाईक हसे. ती जोडा घेऊन बाहेर येई, तेव्हा तीही हसे. कधी बाबांचं मन फारच कडू झालेलं असलं, तर तेवढ्यावर भागत नसे. परक्या माणसासमोर ते सांगत, की हिला ऑफिसातून काढून टाकलं, आता इथे माझ्या गळ्यात आलीय. आणि तिला म्हणत, “तिथे घोळ घातलास तो घातलास, इथे घालू नकोस.”

त्या वेळी तिच्या हातात त्यांचाच जोडा असे, त्यांनीच ठोकलेला खिळा तिने नुकताच काढलेला असे, आणि तरी ती “बरं, बाबा” म्हणून आत जाई. अपमानाने डोळे भरून येत, पण रडायलाही पडद्यामागे फार जागा नव्हती. एवढंच तिला समाधान होतं, की त्या चौदा महिन्यांत कुणाचं पाऊल दुखावलं नाही आणि बाबांची मानही खाली गेली नाही. आईने तिचे ऑफिसचे कपडे इस्त्री करून कपाटात जपून ठेवले होते. कुणी बोलावलं, तर ऐन वेळी धावपळ नको म्हणून.

चौदाव्या महिन्यात मास्तरांचे नवे जोडे करायला घेतले. जुन्याच साच्यावर करा असा त्यांनी निरोप धाडला होता, स्वतः आले नव्हते. गेलं वर्षभर ते दुकानात फिरकलेच नव्हते. बाबांनी तीन दिवस खपून तो जोड केला, हात घालून पास केला आणि आत पाठवला. लेकीला उजव्या जोड्यात अंगठ्याच्या मागे टोक लागलं. ते नुसतं घासून जाणारं नव्हतं, म्हणून तिने आतलं अस्तर वर उचललं. पक्कड बाहेर राहिली होती. ती आणायला उठणार, तोच पडदा सरला. बाबा पॉलिशची डबी शोधायला आत आले होते.

उचकटलेलं अस्तर त्यांनी पाहिलं. मग तिच्या हातातली आरी पाहिली.

“माझ्या हाताखालून गेलेला जोडा तू उसवतेस?”

त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. एक वाक्य... फक्त एक वाक्य बोलली असती, तर ती त्या क्षणी सुटली असती! पण... समोर उभा असलेला तो वाकलेला म्हातारा, छातीवर चामड्याचा एप्रन, आणि ज्यांच्यावर त्याने सारी हयात उभी केली ते दोन रुंद हात... त्या हातांना ती काय सांगणार होती?

“मला शिकायचं होतं,” ती पुटपुटली.

“मास्तरांच्या जोड्यावर? त्यांच्या पायाला काय लागतंय ते त्यांना कळत नाही, आणि तू त्यांच्या जोड्यावर हात बसवतेस? तुला लाज नाही वाटली?” बाबांनी जोडा तिच्या हातातून काढून घेतला. “तुझ्या ऑफिसनं तुला का काढलं, ते मला आज कळलं. जा वर. उद्यापासून या खोलीत पाऊल टाकू नकोस.”

ती वर गेली. जिन्यात तिला आई भेटली, पण ती न थांबता पुढे गेली. खालून ठोकण्याचा आवाज येत राहिला. बाबांनी स्वतःच्या हाताने अस्तर पुन्हा बसवलं, चार नवे खिळे मारले, हात घालून पाहिलं, आणि जोड कागदात गुंडाळून स्वतःच मास्तरांकडे निघाले. खिडकीतून तिने त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं, आणि आता मात्र तिच्याने राहवेना. बाबांचा मान की मास्तरांचं पाऊल, याचा निवाडा चौदा महिने तिने पडद्यामागे टाळला होता. तो आता भर रस्त्यात येऊन उभा राहिला होता. ती तशीच, घरातल्या सपाता पायात घालून धावत सुटली.

मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर होतं. ती दारात पोचली तेव्हा बाबा मास्तरांपुढे गुडघे टेकून बसले होते. नवा जोडा पहिल्यांदा ते नेहमी आपल्या हाताने गिऱ्हाइकाच्या पायात घालत. नको नको म्हणणाऱ्या मास्तरांच्या पायातला मोजा त्यांनी काढला होता आणि ते त्या पावलाकडे बघत होते. जिथे दोन बोटं असायची, तिथे गुळगुळीत चकचकीत कातडी होती.

“कपाट पडलं हो पायावर,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “मागच्या वर्षी. पुस्तकांचं कपाट.”

बाबांनी मोजा खाली ठेवला. त्यांनी मान वर केली, तर दारात लेक उभी होती, धापा टाकत. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. भूगोलाच्या मास्तरांना जन्मात कधी खोटं बोलायची वेळ आली नसावी. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. बाबांनी उजवा जोडा उचलून तिच्यापुढे धरला.

“हात घाल.”

“बाबा, घरी जाऊन...”

“घाल.”

तिने हात घातला. बोट अंगठ्याच्या जागेपर्यंत गेलं आणि टचकन टोचलं. तिने हात बाहेर काढून मूठ घट्ट आवळली आणि म्हणाली, की काही नाही, ठीक आहे. बाबांनी तिची मूठ धरून एकेक बोट उलगडलं. मधल्या बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. त्यांनी तो पाहिला, मग जोडा आपल्या हातात घेतला, तिथेच बोट नेऊन दाबलं, जोरात दाबलं, आणि डोळे मिटून वाट पाहत राहिले. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. हात बाहेर काढला तेव्हा त्यांच्याही बोटातून रक्त येत होतं, आणि ते त्या रक्ताकडे असे बघत राहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

 मग बाबांनी मास्तरांचं उघडं पाऊल दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर ठेवलं आणि त्यावर कपाळ टेकवलं. त्यांचे खांदे गदगदत होते. मास्तर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत नुसते “अहो... अहो...” म्हणत राहिले.

परत येताना अर्ध्या रस्त्यात बाबा थांबले.

“तुला काढलं नव्हतं त्यांनी.”

“नाही.”

“किती जोड उसवलेस?”

“दोन-तीन असतील, बाबा.”

“चौदा महिने दोन-तीन जोड उसवत होतीस,” ते म्हणाले. “आणि मी तुला गोगलगाय म्हणत होतो.”  रस्त्याच्या कडेला भिंतीला धरून ते उभे राहिले आणि येणारी-जाणारी माणसं त्यांच्याकडे वळून वळून बघू लागली.

त्यानंतर आठ दिवस बाबा दुकानात उतरले नाहीत. पलंगावर बसून ते आपले तळहात उलटेपालटे करून बघत. आईला सगळं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन खूप रडली. दोन वर्षं तीच त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून देत होती. “मला वाटलं, म्हातारपणी लाडात आलेत,” ती लेकीला म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू आलं. त्या दिवशी तिने कपाटातले ऑफिसचे कपडे काढून खाली पेटीत ठेवले.

नवव्या दिवशी सकाळी लेक मास्तरांचा तोच जोड घेऊन बाबांच्या बैठकीवर बसली होती. जिन्यावर पावलं वाजली. बाबा खाली आले आणि आपल्या जागेकडे न जाता, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले. चाळीस वर्षांत ते त्या बाजूला कधी बसले नव्हते. लेक उठू लागली, तर त्यांनी तिला हाताने बस म्हटलं.

“त्या खुर्चीत परत जाशील का?” त्यांनी विचारलं. “मी येतो तुझ्या साहेबाकडे. या खेपेला दार उघडून आत जाईन.”

“नाही जायचं, बाबा.”

“माझी दया येते म्हणून?”

 एवढं खोटं बोलून झाल्यावर आता तिला त्यांच्याशी नीट बोलायचं होतं.

“आले तेव्हा त्यासाठीच आले होते. आता मास्तरांच्या टाचेखाली चामडं किती जाड घ्यावं, हा विचार करत मला झोप लागते. तिकडे बसून मला असं कधीच झालं नाही.”

बाबांनी मान हलवली. त्यांना आनंद झाला की दुःख, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं, बहुधा दोन्ही. मग स्टूल पुढे ओढून ते म्हणाले, “हात घाल, आणि काय लागतंय ते बोलत जा. मोठ्याने.”

तिने डोळे मिटले. “टाचेला गुळगुळीत. मधे अस्तर थोडं सैल आहे.”

“किती?”

“कागद सरकेल एवढं.”

“मग उचल ते. गोंद कमी पडलाय. पुढे काय?”

असं ते सुरू झालं. तिची बोटं आणि त्यांची अक्कल मिळून एक कारागीर झाला, आणि त्या वर्षी त्या दुकानातून जे जोडे बाहेर पडले तसे पूर्वीही पडले नव्हते, असं जुनी गिऱ्हाइकं सांगत. बाबांनी हत्याराला मात्र पुन्हा हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं, की ते आधी त्याला बसवत आणि न विचारताच सांगत, “हिला काढलं नव्हतं बरं का. हिने सोडली नोकरी.” एकाच माणसाला त्यांनी हे चार-चारदा सांगितलं. लेक लाजून म्हणे, पुरे आता बाबा, पण ते ऐकत नसत. चौदा महिने जे त्यांनी परक्यांसमोर बोलून ठेवलं होतं, ते एकेकाकडून परत घ्यायला त्यांना फार दिवस हवे होते, आणि तेवढे दिवस त्यांना मिळाले नाहीत.

पुढच्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. आधी पाय गेले, मग नजर मंदावली. जोडा तयार झाला, की लेक तो वर घेऊन जाई आणि त्यांच्या उशाशी बसून बोटांना काय लागतंय ते त्यांना सांगे. ते ऐकत आणि कधी “घास अजून” म्हणत, कधी “जाऊ दे” म्हणत. एका दुपारी ती वर गेली तेव्हा त्यांना जोड्याचं ऐकायचं नव्हतं. डोळे छताकडे लागले होते आणि श्वास वरवर चालला होता. तिने जोडा खाली ठेवला, शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

“आहेस का गं?” त्यांनी विचारलं.

“आहे बाबा. हात धरलाय तुमचा.”

“धरलायस?” त्यांना ते कळलंच नव्हतं. “घट्ट?”

“घट्ट.”

“मग बोल. काय लागतंय?”

बोलायला तर हवंच होतं. त्यांच्यापर्यंत पोचायचा तेवढा एकच रस्ता उरला होता. ती त्यांच्या तळहातावरून सावकाश बोटं फिरवू लागली.

“अंगठ्यापाशी घट्टा आहे. मोठा. दोऱ्याची एक खाच आहे, करंगळीच्या खाली. इथे आरी लागल्याची खूण आहे, जुनी.”

“आणि?”

“ऊब आहे, बाबा.”

“ऊब आहे ना?” ते समाधानाने म्हणाले. “मग असू दे तसाच.”

तिने तो हात तसाच धरून ठेवला. ऊब हळूहळू कमी होत गेली, आणि ते तिच्या बोटांना कळत होतं. तरी आई वर येईपर्यंत ती त्यांना एकेक घट्टा, एकेक खाच सांगत राहिली.